पोळ्याच्या दिवशी रुतलेली गाडी

आमच्या घरात अप-डाऊन पहिल्यांदा केलं ते बाबानं, सायकलवर. भातकुलीजवळ आमचं दीड एकर. त्यात मेथी, पालक, वांगी निघायची आणि बाबा ती पहाटेच अमरावतीच्या भाजीबाजारात न्यायचा. उन्हाळ्यात त्याचं काही वाटायचं नाही. पावसाळ्यात मात्र आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा कोसभर रस्ता म्हणजे नुसती काळी माती. ती चाकाला अशी धरायची की दहा पावलांत चाक फिरायचं बंद. बाबानं सायकलचे दोन्ही मडगार्ड काढून टाकले होते. हँडलला तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळक्या झाडाची, एक काडी बांधलेली असायची, चिखल उकरायला. काडीनंही भागलं नाही की सायकल बाबाच्या खांद्यावर, भाजीचं गाठोडं मायच्या डोक्यावर, आणि मागून मी, दोघांच्या चपला हातात घेऊन.

डांबर लागलं की बाबा डबक्यात पाय धुवायचा, चपला घालायचा आणि मला म्हणायचा, "जाय आता घरी. अभ्यास कर. अन् जातानी गवतावरून जाऊ नोको. कायी माती वरून सतरंजी दिसते, खालून लोनी असते."

एका श्रावणात तीन दिवस झड लागली आणि बाबा डांबरापर्यंत पोचूच शकला नाही. तोडलेली मेथी घरातच राहिली. मायनं तीन दिवस दोन्ही वेळा मेथीच केली. चौथ्या दिवशी उरलेली शेळीपुढे टाकली, तर तिनंही तोंड फिरवलं. आज आम्ही हे हसून सांगतो. त्या दिवशी कोणी हसलं नव्हतं. बाबा उंबऱ्यावर बसून पावसाकडे पाहत होता आणि मायला त्याच्याशी बोलायची हिंमत होत नव्हती.

त्या घरातली मी पहिली बी.एस्सी. पहिली म्हणजे दोन्हीकडच्या भावकीत पहिली. हे मी लाजत सांगत नाही, कारण ते सोपं नव्हतं. पुढे नागपूरला डायलिसिसचा कोर्स केला आणि अकोल्याच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन म्हणून लागले. लग्न झालं अमरावतीत, यजमान तिथंच शाळेवर शिक्षक, बाबा आणि माय आमच्याजवळ राहायला आलेले. म्हणून मी राहायची अमरावतीत आणि कामाला अकोल्यात. एका बाजूनं शंभरेक किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, एकवीस वर्षं.

माझं काम काय ते आधी सांगते, कारण माझ्या चुलतबहिणीला अजूनही वाटतं की मी दवाखान्यात रक्त काढायची.

आपली किडनी दोन कामं करते. रक्तातली घाण काढते आणि अंगातलं जास्तीचं पाणी काढते. ती बंद पडली की हे काम मशीनकडून करून घ्यावं लागतं. हाताच्या नसेत दोन जाड सुया घालायच्या. एकीतून रक्त बाहेर येतं, गाळणीतून फिरतं, दुसरीतून परत अंगात जातं. चार तास लागतात. आठवड्यातून दोनदा, कोणाला तीनदा. यात सुट्टी नाही. दिवाळी असो, घरात लग्न असो, आपला वार आला की यायचं. दोन वारांच्या मध्ये प्यालेलं पाणी अंगात साठतं. पायावर सूज येते, तोंडावर येते, आणि शेवटी ते छातीत भरतं, तेव्हा माणसाला आडवं होता येत नाही. म्हणून आमच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं आणि आल्याबरोबर आम्ही त्यांना वजनकाट्यावर उभं करतो. काटा खोटं बोलत नाही. पेशंट बोलतात.

एक निवृत्त हवालदार होते. वजन चार किलोनं वाढलेलं. मी म्हटलं, "काका, किती पाणी प्यालात?"

"पानी? एक घोट नाई पेलो. विचारा हिले."

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "पानी नाई पेले वो ते. कढी पेले. गंजभर."

"कढी काय पानी असते काय?" हवालदार माझ्यावरच गरजले. त्यानंतर मी घरी सांगायच्या यादीत कढी, टरबूज, रसा आणि 'चहात बुडवलेले टोस्ट' असं सगळं तपशिलानं लिहायला लागले.

सकाळची पहिली शिफ्ट माझी. पेशंट सात वाजता मशीनवर घ्यायचे, तर मला साडेसहालाच पोचावं लागायचं. आधी पाणी शुद्ध करायचा प्लांट सुरू करायचा, पाणी तपासायचं, मशीन धुऊन तयार करायच्या. त्या वेळेला जुळणारी रेल्वे नव्हती. म्हणून मी एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी दारात आली त्या दिवशी मायनं ओवाळलं, आणि बाबानं आतून एक तुराटीची काडी आणून डिकीत ठेवली.

"बाबा, ही गाडी हाये, सायकल नाई," मी म्हटलं.

"गाडी बदलली. माती तेच हाये," बाबा म्हणाला.

काडी डिकीतच राहिली.

गाडीत आम्ही तिघं. मी चालवणार. माझ्या बाजूला गावंडे सर, अकोल्याच्या एका कॉलेजात सकाळच्या वर्गांना इतिहास शिकवणारे. मागे नसरीन, दुसऱ्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. ती बडनेऱ्याला बसायची आणि मूर्तिजापूरपर्यंत झोपायची. सर झोपायचे नाहीत आणि गाडीही चालवायचे नाहीत. ते तंबाखू मळायचे आणि सूचना द्यायचे.

पावसाळ्यात गाडी चालवणं हे ज्यांनी रोज केलं नाही त्यांना रोमँटिक वाटतं. आमच्या रस्त्याचं काम कित्येक वर्षं चाललं. आज ही बाजू बंद, उद्या ती. पाणी साचलं की खड्डा कुठला आणि रस्ता कुठला ते कळायचं नाही. म्हणून सरांनी मोठ्या खड्ड्यांना लढायांची नावं दिली होती. "मॅडम, पानिपत आलं, गिअर बदला." समोरून ट्रक गेला की काचेवर चिखलाची अख्खी बादली. आतून काच धुरकटायची, ती वर्तमानपत्रानं पुसायचं काम सरांचं, आणि सर पुसता पुसता बातमी वाचत बसायचे. "अवो सर, वाचून राहिले का पुसून राहिले?" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, देव जाणे.

त्यात माझ्या बाजूचा वायपर स्वतःच्या मर्जीचा. तीनदा दुरुस्त केला, तरी बोरगाव मंजूच्या आसपास हमखास थांबायचा. एकदा भर पावसात तो बंद पडला. पुढचं काही दिसेना. तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं, "ताई, तंबाखू घासा काचेले. पानी धरत नाई." मी सरांकडे पाहिलं. नसरीननंही पाहिलं. सरांनी खिशातली पुडी काढली, तिच्याकडे बघून एक उसासा टाकला आणि अर्धीच बाहेर काढली.

"सर, पूरी दो ना," नसरीन म्हणाली.

"कॉलेजात दोन तास आहेत मला. अर्ध्यावर भागवा."

अर्ध्यावर भागलं. तंबाखूचा रस काचेवर फिरवला की पाण्याचे थेंब फुटतात आणि पुढचं बऱ्यापैकी दिसतं. बी.एस्सी.ला हे कोणी शिकवलं नव्हतं.

हसण्यासारखं हे सगळं. पण उशिराचा हिशेब आमच्या कामात वेगळा असतो. मास्तर उशिरा आला तर वर्ग खूश होतो. मी उशिरा आले तर कोणाचे तरी चार तास तीन होतात, कारण दुसऱ्या शिफ्टचे पेशंट बाहेर येऊन बसलेले असतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वाटेतल्या उमा नदीला पूर आला आणि मी दीड तास उशिरा पोचले. एक शिंपीकाका होते, फार शांत. त्यांना त्या दिवशी अडीच तासच मिळाले. सुया काढताना मी माफी मागितली, तर म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या पान्यात आल्या, हेच लय झालं." ते रागावले असते तर मी विसरले असते. ते वाक्य मात्र अजून विसरले नाही. त्या दिवसापासून पाऊस असला की मी घरून अर्धा तास आधी निघायला लागले.

आता त्या पोळ्याच्या दिवसाबद्दल.

बार्शीटाकळीच्या पुढच्या एका खेड्यातून यशोदाबाई यायच्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला तिखट. सोमवार आणि गुरुवार त्यांचे वार. सोबत त्यांचे मालक रामभाऊ, मोटरसायकलवर. चार तास रामभाऊ बाहेर बाकावर बसून राहायचे, टोपी गुडघ्यावर ठेवून. आत यशोदाबाई मला शेतातलं सगळं सांगायच्या. कोणत्या ओळीला कपाशी कशी, कोणत्या बैलाचा खूर दुखतो. बैलांचा त्यांना फार जीव.

त्या आठवड्यात गुरुवारी त्यांच्या गावाजवळच्या नदीला पूर होता आणि त्या येऊ शकल्या नाहीत. शुक्रवार, शनिवार तेच. रविवारी संध्याकाळी पाणी उतरलं. म्हणजे आठवडाभर त्यांच्या अंगातून थेंब निघालेला नव्हता. सोमवारी पोळा. माझा जोडीदार टेक्निशियन पोळ्यासाठी गावी गेलेला. त्याची सुट्टी मीच कबूल केली होती. वऱ्हाडात पोळ्याला घरी जाऊ नको म्हणणं म्हणजे जेवत्या माणसाला उठवणं. मी आहे ना, म्हटलं. पहिली शिफ्ट पूर्ण माझ्यावर.

मी पावणेपाचलाच निघाले. रात्रभर पडून पाऊस थांबला होता. मूर्तिजापूर सोडलं, आणि सहा वाजायच्या आधी गाड्यांची रांग लागली. पुढे एक कंटेनर रस्त्यावर आडवा झाला होता. दोन्हीकडून बंद. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या वॉर्डच्या सिस्टरचा.

"ताई, यशोदाबाई आल्यात. बसूनच आहेत, आडवं होता येत नाही. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. पण ते म्हणतात, पाणी मशीननंच निघेल. दुसऱ्या दोन ठिकाणी विचारलं, बारापर्यंत मशीन रिकामी नाही. तुम्ही कुठं आहात?"

मी कुठं होते ते सांगितलं. 

सर म्हणाले, "मॅडम, मागं वळवा. अर्ध्या किलोमीटरवर डावीकडे गावातून रस्ता आहे. बोरगावच्या अलीकडे परत हायवेला लागतो." सरांची सूचना बरोबर होती, ते मी आजही सांगते. चूक माझी.

गावातला रस्ता डांबरी, पण एका गाडीपुरता. गाव ओलांडलं आणि समोरून ट्रॅक्टर आला. कोणीतरी बाजूला उतरणं भाग होतं. डावीकडे छान हिरवं गवत दिसलं, सपाट. मी डावी दोन्ही चाकं गवतावर घेतली. ट्रॅक्टर गेला. मी गाडी पुढे घ्यायला गेले आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी सावकाश खाली बसली, एखादी म्हातारी जमिनीवर बसते तशी.

भातकुलीची पोरगी मी. चपला हातात घेऊन जिनं त्या मातीत बालपण घालवलं, तिनं गवत पाहून गाडी उतरवली! मी ॲक्सिलरेटर दाबला तशी चाकं आणखी आत गेली. नसरीन उतरली आणि घोट्यापर्यंत रुतली. सर उतरले, त्यांची एक चप्पल मातीनं ठेवून घेतली.

पुन्हा फोन. मी काचेला डोकं टेकून बसले होते. उचलला आणि स्वतःलाच म्हटलं, शोभा, इथं बसून जे होईल ते तर कर.

"सिस्टर, प्लांटच्या खोलीत जा. फोन हातात ठेवा. मी सांगते तसं करत चला."

सुई टोचणं फोनवर होत नाही. पण पाणी तयार करणं होऊ शकतं. कोणता नळ आधी, कोणतं बटण मग, कोणत्या काट्यावर नजर ठेवायची, एकेक सांगितलं. "आता फोन मोटरीजवळ धरा." मोटरीचा आवाज मी रोज ऐकत होते, पोराच्या खोकल्यासारखा ओळखीचा. आवाज खरखरला. "हवा आहे आत. बाजूचा छोटा कॉक उघडा. पाणी येईपर्यंत. आता बंद करा." मग आवाज सरळ झाला.

आता पाण्याची तपासणी. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध, म्हणजे क्लोरीन, जास्त असतं. पिणाऱ्याला ते चालतं. पण आमच्या मशीनमध्ये ते पाणी रक्ताच्या अगदी शेजारून जातं, मध्ये फक्त पातळ पडदा. तिथं औषधाचा अंशही चालत नाही, रक्त खराब होतं. म्हणून नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे. रंग आला नाही तरच पुढे.

"ताई, थोडं पिवळं दिसतं."

"थोडं म्हणजे?"

"अगदी थोडं. चालेल का? बाईंना फार त्रास होऊन राहिला."

चिखलात बसलेल्या माणसाला अशा वेळी चालेल म्हणावंसं वाटतं. "नाही चालणार," मी म्हटलं. "प्लांट चालू ठेवा, पाणी वाहू द्या. वीस मिनिटांनी पुन्हा तपासा. पिवळं असेल तर पुन्हा वाहू द्या."

फोन ठेवून मी उतरले. शेजारच्या शेतात एक घर होतं. अंगणात चार-पाच माणसं बैल धूत होती. पांढरे, उंच, टकाटक बैल. ज्यांचे होते ते देवराव, हे नाव मला नंतर कळलं. त्यांनी आमचं सगळं पाहिलं होतंच. ते रस्त्यापर्यंत आले, गाडीभोवती फिरले.

सर म्हणाले, "भाऊ, जोडी आणा ना जराशी. दोर बांधून वढली का निघते. दोन मिनटाचं काम हाये."

देवरावांनी मागे पाहिलं. त्यांच्या मागून त्यांच्या मालकीण आल्या होत्या, त्या बोलल्या. "मास्तर दिसता तुमी. आज पोया हाये, मालूम नाई काय?"

सर खजील झाले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर काही ठेवत नाहीत. वर्षभर तो आपल्यासाठी ओढतो, हा एक दिवस त्याचा. आदल्या संध्याकाळी त्याचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आवतण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला कोणी कामाला लावतं का?

हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि खरं सांगते, तरी मला विचारायचं होतं. तोंडात शब्द आला होता. मी जोडी मागितली नाही, फक्त सांगितलं. "दादा, मी अकोल्याच्या दवाखान्यात मशीन चालवते. एक बाई आहे, बार्शीटाकळीकडची. तिच्या छातीत पाणी भरलंय. सुई लावणारी मी एकटीच आहे आज."

देवराव वळून बैलांकडे गेले. एकाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. रात्रीचं तूप तिथं अजून चमकत होतं. मला इतकं वाईट वाटलं त्यांचं. मी त्यांना कसल्या पेचात टाकलं होतं.

मग ते परत आले. हातात दोर होता, बैल नव्हते.

"बैलाच्या खांद्याले आज काई लागत नाई, ताई," ते म्हणाले. "आमच्या खांद्याले काय झालं?"

पुढचा अर्धा-पाऊण तास मी कधी विसरणार नाही. देवरावांचा भाऊ गोठ्यामागून पऱ्हाट्यांचे भारे घेऊन आला. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं कपाशीचं वाळलेलं झाड, आमच्याकडे चुलीत जातं. ते भारे चाकांपुढे अंथरले. पण चाकांतच माती अशी गच्च बसली होती की चाक फिरायला जागा नव्हती. मला एकदम आठवलं. डिकी उघडली आणि बाबाची काडी काढली. मी एका बाजूनं उकरायला लागले. दुसऱ्या बाजूनं नसरीन नुसत्या हातांनी. देवरावांनी ती काडी पाहिली आणि म्हणाले, "हे कोनं शिकोलं तुमाले?"

"माझ्या बाबानं. भातकुलीचे आहोत आम्ही."

"मंग भातकुलीची असून गवतात काहून उतरली माय?"

मी खाली मान घालून उकरत राहिले. सर मात्र खुदकन हसले, एका चपलेवर उभे राहून.

दोर गाडीला बांधला. पुढे देवराव आणि त्यांचा भाऊ, दोर खांद्यावर. मागून दोघांच्या बायका, सर, नसरीन. मी स्टिअरिंगवर. "हळू द्या पेट्रोल, ताई! दाबू नोका!" पहिल्यांदा गाडी हलली आणि परत बसली. दुसऱ्यांदा पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या आणि चाकानं त्यांना धरलं. तिसऱ्या वेळी देवरावांच्या मालकीण मोठ्यानं हाक देत होत्या, "चाल रे राजा! चाल रे!" आणि त्यांचे मालक पुढून ओरडले, "मले काहून राजा म्हनते, राजा तिकडे बांधला हाये!" त्या हसण्याच्या जोरातच बहुतेक, गाडी डांबरावर आली.

आभार मानायलाही त्यांनी थांबू दिलं नाही. "जा जा. ते बाई वाट पाहून राहिली."

बोरगाव मंजूला पावसानं पुन्हा गाठलं आणि माझा वायपर थांबला. मी काही बोलायच्या आत सर उतरले, खिशातून पुडी काढली आणि सगळीच्या सगळी काचेवर घासली. ते आत येऊन बसले, तेव्हा नसरीननं मागून फक्त त्यांच्या खांद्यावर थोपटलं. वाटेत सिस्टरचा फोन आला. दुसऱ्यांदा पाणी तपासलं, रंग आला नाही. मी फोनवरच सांगून मशीन धुवायला लावली.

पावणेनऊला पोचले. कोपरापर्यंत हात तीनदा धुतले, तरी नखांत काळं उरलंच. नखं कापली आणि हातमोजे घातले. यशोदाबाई पलंगावर पुढे वाकून बसल्या होत्या, ओठ काळसर, पाय सुजून चकचकीत. मला पाहून त्यांनी मास्क बाजूला केला.

"नदीचं पानी उतरलं बाई," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "माह्यं नाई उतरलं."

"उतरवते आता. हात द्या."

 सुया पहिल्याच वेळी बसल्या. मग थांबलेले बाकीचे पेशंट एकेक करून मशीनवर घेतले. तासाभरात त्यांचा श्वास खाली आला. दुसऱ्या तासाला उशी मागितली. तिसऱ्या तासाला त्या आडव्या झाल्या आणि झोपल्या. आडवं झालेलं माणूस पाहून मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

बाहेर रामभाऊ बाकावर, टोपी गुडघ्यावर. मी सांगितलं, आता ठीक आहेत. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग हळूच म्हणाले, "घरी बैल बांधून आलो, ताई. आंघोय नाई का पूजा नाई. थे इचारन मले, उठल्यावर."

आणि तसंच झालं. सुया काढून पट्टी बांधेपर्यंत यशोदाबाईंचा पहिला प्रश्न, "बैल कोनाच्या भरवशावर सोडले?"

"पोया फुटाच्या आत पोचतो," रामभाऊ म्हणाले. गावातले सगळे बैल संध्याकाळी तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटलं की पोळा फुटला म्हणतात. त्याच्या आत पोचणं महत्त्वाचं. मी त्यांना मोटरसायकलवर जाऊ दिलं नाही, दवाखान्याच्या गाडीतून पाठवलं.

परत येताना आम्ही त्या गावात गेलो. बैलांच्या अंगावर झुली होत्या, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांचे पट्टे. देवरावांनी विचारलं, "बाई?" मी म्हटलं, "झोपल्या, आडव्या झाल्या." त्यांनी बैलाच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. मालकिणीनं आम्हाला पुरणपोळी खाऊ घातली. सरांची चप्पल धुऊन उन्हात ठेवली होती. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या पोयाले येजो. आमी आवतन देनार नाई. घरच्याले कोनी आवतन देते काय?"

घरी पोचता पोचता रामभाऊंचा फोन आला. "पोचलो, ताई. बैल उभे केले. थे खुर्चीवर बसून पाह्यते."

बाबाला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच म्हणाला, "काडी कोठी हाये?" मी डिकीतून आणून दाखवली. अर्धी मोडली होती. बाबानं ती हातात फिरवली आणि म्हणाला, "बीएस्सी झाली पोट्टी, अन् गवतावर उतरली." मग माझ्याकडे न पाहता, "बरं केलं त्याइले बैल मांगतले नाई ते."

दुसऱ्या दिवशी डिकीत नवी काडी होती.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. वॉर्डच्या तिन्ही सिस्टरना प्लांट चालवायला आणि पाणी तपासायला शिकवलं, मोटरीचे आवाज ऐकवून. आणि सणाला दोघांपैकी एक टेक्निशियन अकोल्यातच राहील असं ठरवून घेतलं. पोळ्याची सुट्टी जोडीदाराला, दिवाळीची मला. सिस्टरना हे आधीच का शिकवलं नाही याची खंत आहे. एवढ्या वर्षांत सुचायला हवं होतं.

यशोदाबाई त्यानंतर सहा वर्षं येत राहिल्या, आणि सहाही पोळे त्यांनी खुर्चीवर बसून पाहिले. आता त्या नाहीत. बाबाही नाही. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. गाडी विकली, पण विकताना डिकी आधी रिकामी केली.

दीड एकरातल्या, पावसात भाजी डांबरापर्यंत न पोचलेल्या घरातली मी. एकवीस वर्षं अमरावतीहून अकोल्याला गेले. कधी वेळेवर पोचले, कधी उशिरा. पण पावसामुळे मी पोचले नाही म्हणून माझ्या शिफ्टचा एकही पेशंट डायलिसिस न होता घरी परत गेला नाही.